खात्री नसताना

आज एखादा जहाजमालक नवे मालवाहू जहाज बांधायला टाकतो, तेव्हा तो पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा निर्णय घेत असतो. इंजिन कोणते, इंधन कोणते, पाण्याखालच्या भागाचा आकार कसा, पंखा केवढा, हे एकदा ठरले की जहाज भंगारात निघेपर्यंत त्यात मोठा बदल करणे परवडत नाही. आणि यातल्या बऱ्याच प्रश्नांचे पक्के उत्तर आज कोणाजवळच नाही. हरित मिथेनॉल पुरेसे मिळेल का, विषारी अमोनियासोबत खलाशी सुरक्षित राहतील का, नैसर्गिक वायूच्या इंजिनातून न जळताच निसटणारा मिथेन सगळा फायदा गिळून टाकेल का, यावर जाणकारांतच दुमत आहे. ज्याविषयी दुमत नाही ती गोष्ट अशी की जागतिक व्यापारातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल वजनाच्या हिशेबाने समुद्रावरून जातो, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या चौथ्या अभ्यासानुसार २०१८ साली जहाजांनी सुमारे १०७ कोटी टन हरितगृह वायू हवेत सोडले. माणसाच्या एकूण उत्सर्जनाचा हा जवळजवळ तीन टक्के वाटा. मग अशा वेळी माणसाने करावे काय? खात्री पटेपर्यंत हात बांधून बसावे, की खात्री पटली आहे असे स्वतःला बजावून पुढे व्हावे? वरकरणी हा इंजिनिअरांचा आणि हिशेबनिसांचा प्रश्न दिसतो. पण मुळात तो धर्मचिंतनातला फार जुना प्रश्न आहे: संशय मनात असताना केलेली कृती खरी असते का, आणि तशी कृती करण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

जहाजाच्या संदर्भात हा प्रश्न ज्याने सगळ्यांत प्रामाणिकपणे स्वतःला विचारला, तो इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला विल्यम फ्रूड. जन्म १८१०चा. आज जगात कुठेही जहाजाचा छोटा नमुना पाण्याच्या टाकीत ओढून तपासतात, तेव्हा ज्या संख्येच्या आधारे हिशेब मांडला जातो तिला फ्रूडचेच नाव आहे. हे इंजिनिअरांना ठाऊक असते. त्याच्या घरात धर्म किती भिनलेला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. वडील आर्चडीकन, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी. थोरला भाऊ हरेल हा चर्चला त्याच्या प्राचीन रूपाकडे परत नेऊ पाहणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीच्या अग्रणींपैकी एक, आणि जॉन हेन्री न्यूमन या त्या चळवळीच्या सर्वांत मोठ्या विचारवंताचा जिवलग मित्र. हरेल १८३६ मध्ये अकाली गेला, पण न्यूमन आणि विल्यम यांचा स्नेह तुटला नाही. न्यूमन १८४५ मध्ये इंग्लंडचे चर्च सोडून कॅथलिक झाला. विल्यमची पत्नी कॅथरीन १८५७ मध्ये त्याच वाटेने गेली, आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक मुलेही गेली. विल्यम गेला नाही. ज्या घरात बाकी बहुतेकांना खात्री मिळाली होती, तिथे तो खात्रीवाचून राहिला, आणि तरीही बायकोमुलांशी किंवा न्यूमनशी त्याने कधी वैर धरले नाही. दोघा मित्रांचा पत्रव्यवहार तब्बल पस्तीस-चाळीस वर्षे चालला, आणि त्यातला मुख्य विषय एकच होता: निश्चय कशाला म्हणावे?

१८५९च्या डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात फ्रूडने आपली भूमिका स्वच्छ मांडली. तिचा सारांश असा. कोणत्याही विषयात, मग तो धर्म असो की यंत्रशास्त्र, आपले मन पूर्ण निश्चयाप्रत पोहोचू शकत नाही. एखादी शक्यता कितीही पुसट असली तरी प्रसंगी ती पूर्णपणे खरी आहे असे धरून वागणे हे कर्तव्य ठरू शकते. पण शक्यता कितीही दाट झाली तरी उरलेला संशयाचा अंश झटकून टाकण्याचा अधिकार मनाला मिळत नाही. यातला दुसरा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो, कारण तो संशयवादी माणसाला शोभणारा आहे. मला पहिला भाग जास्त मोलाचा वाटतो. विश्वास आणि कृती यांच्यामध्ये आपण सहसा एक सरळ पट्टी धरतो. जितका विश्वास तितकी कृती, अर्धा विश्वास तर अर्धी कृती. फ्रूडने ती पट्टी मोडली. मनात संशय पूर्ण असू द्या, हातून कृतीही पूर्ण होऊ द्या. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी नांदू शकतात आणि नांदले पाहिजेत. संशय हे त्याच्या लेखी कर्तव्य होते, आणि ते पाळताना कृतीचे कर्तव्य टाळता येत नव्हते. जहाजाची शक्ती वाचवण्याचे शास्त्र याच वृत्तीतून जन्मले असे मी म्हणतो, आणि आजच्या पेचात धर्माने आपल्याला द्यायची ती हीच वृत्ती, असा माझा दावा आहे.

ही वृत्ती प्रत्यक्षात कशी दिसते ते त्याच्या कामात पाहावे. त्या काळी जहाजाच्या आकाराबद्दल सर्वांत वजनदार मत जॉन स्कॉट रसेलचे होते. हा माणूस सामान्य नव्हता. एकट्याने धावणारी लाट प्रथम त्याने पाहिली, आणि इंजिनिअर ब्रुनेलचे प्रचंड ग्रेट ईस्टर्न जहाज त्याच्याच गोदीत बांधले गेले. जहाजाच्या बाजू लाटेच्या वळणासारख्या आत ओढलेल्या, निमुळत्या असाव्यात असा त्याचा सिद्धांत होता. फ्रूडने १८६७ मध्ये डार्ट नदीत दोन प्रकारचे नमुने ओढले. एक रसेलच्या पद्धतीचा, टोकाला तीक्ष्ण, त्याचे नाव रेव्हन. दुसरा पाणपक्ष्यासारखा भरल्या टोकांचा, त्याचे नाव स्वान. कमी वेगाला रेव्हन सरस ठरला, वेग वाढवला तसा स्वान. म्हणजे एकच एक आदर्श आकार असतो ही समजूतच टिकली नाही. तरी १८६९ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या समितीने छोट्या नमुन्यांवर भिस्त ठेवू नये, पूर्ण आकाराची जहाजेच ओढून पाहावीत असे मत दिले. त्या समितीतला एकटा फ्रूड वेगळे मत नोंदवून राहिला. त्याचे वेगळे मत ऐकणारा माणूस त्याला भेटला. आरमाराचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड याच्या पाठिंब्याने १८७० मध्ये दोन हजार पौंड मंजूर झाले, आणि टॉर्की इथे फ्रूडच्या घराजवळ सुमारे ८५ मीटर लांबीची छप्पर असलेली टाकी उभी राहिली. स्कॉट रसेलने भर सभेत या प्रयोगांना गोंडस पण निरुपयोगी ठरवले होते.

त्या टाकीतले काम जवळून पाहण्यासारखे आहे. नमुने पॅराफिन मेणाचे. मातीच्या साच्यात मेण ओतायचे, थंड झाले की नकाशातल्या रेषांप्रमाणे यंत्राने कापायचे, हाताने तासून गुळगुळीत करायचे. मग टाकीवरच्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीला तो नमुना जोडायचा, गाडी ठराविक वेगाने ओढायची, आणि स्प्रिंगवर किती ताण पडतो ते फिरत्या कागदावर उमटू द्यायचे. आकार पसंत पडला नाही तर मेण पुन्हा वितळवायचे. मेण निवडण्यातच सगळे तत्त्वज्ञान आले: चूक होणार हे गृहीत, आणि ती चूक स्वस्तात पडेल अशी तजवीज आधीच केलेली. पण नुसत्या मेणाने भागत नव्हते, कारण छोट्या नमुन्यावरून मोठ्या जहाजाचा अंदाज काढताना पूर्वीचे लोक फसत आले होते. फ्रूडने पाण्याच्या विरोधाचे दोन वाटे केले. एक पृष्ठभागाच्या घर्षणाचा. त्यासाठी त्याने निरनिराळ्या लांबीच्या, निरनिराळे लेप दिलेल्या फळ्या ओढून स्वतंत्र मोजमाप घेतले. दुसरा लाटा उठवण्यात खर्च होणारा. लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वेग ठेवला तर नमुन्याच्या आणि जहाजाच्या लाटा सारख्याच दिसतात, हे त्याने ओळखले. नमुना सोळावा हिस्सा असेल तर त्याला जहाजाच्या चौथाई वेगाने ओढायचे. १८७१ मध्ये ग्रेहाउंड नावाची खरी युद्धनौका ॲक्टिव्ह या दुसऱ्या जहाजाने ओढून पाहिली आणि हिशेब जुळला. त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट उघडी पडली: इंजिन जेवढी शक्ती काढते त्यातली निम्म्याहून कमी शक्ती जहाज पुढे नेण्याच्या कामी येते. उरलेली पंख्यात, यंत्राच्या घर्षणात आणि पाणी घुसळण्यात जाते. पंख्याच्या पात्याचा कोन, त्याची घसरण आणि त्याची कार्यक्षमता यांच्या नात्यावरचा त्याचा निबंध १८७८चा. मृत्यूच्या आधीचे वर्ष.

आपल्याकडे या पद्धतीला परके मानण्याचे काही कारण नाही. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच तिसरा मान संशयाचा आहे, आणि निर्णय पुष्कळ नंतर येतो. जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी विचार सुरू होत नाही, जे ठरून गेले आहे त्याविषयी तो लागत नाही; संशय असतो तिथेच न्याय चालतो, असे नैयायिक मानतात. संशयातूनही माणूस प्रवृत्त होतो का, यावर त्यांनी खल केला आहे, आणि त्या चर्चेत शेतकऱ्याचे उदाहरण येते: पेरणीआधी तो मूठभर बी भांड्यात टाकून पाहतो. मराठवाड्या-विदर्भातला सोयाबीनवाला आजही हेच करतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, किती उगवले ते मोजतो, त्यावरून एकरी बियाणे किती घ्यायचे ते ठरवतो, आणि मग मात्र सगळे रान पेरतो. पाऊस येईलच अशी त्याची खात्री नसते. शंभरातले पंचाहत्तर उगवले म्हणून तो पाऊणच रान पेरत नाही. फ्रूडची टाकी म्हणजे ते गोणपाट. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत धरणांचे सांडवे आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृतींत पाणी खेळवून पाहतात, तेव्हा वेगाचे प्रमाण फ्रूडच्याच नियमाने धरले जाते. आपल्या कित्येक धरणांच्या भिंतींमागे त्या संशयी माणसाचा हिशेब आहे.

आता पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप. संशयात्म्याचा नाश होतो, त्याला ना हा लोक ना परलोक, असे गीतेच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. ज्ञानाच्या तलवारीने संशय तोडून उठ, असा त्या अध्यायाचा शेवट आहे, आणि अठराव्या अध्यायात अर्जुन आपला संदेह गेला म्हणूनच उभा राहतो. मग संशय जपून ठेवणाऱ्याला धर्मात जागा कुठली? या आक्षेपाला वळसा घालून चालणार नाही, कारण गीतेला संशय नको आहे हे खरेच आहे. पण कोणता संशय नको आहे ते पाहावे. पहिल्या अध्यायातल्या अर्जुनाचा दोष त्याने प्रश्न विचारले हा नाही; त्याचे प्रश्न तर सतरा अध्याय चालतात आणि कृष्ण एकदाही त्याला विचारू नकोस म्हणत नाही. दोष असा की धनुष्य आधी त्याच्या हातून निसटू लागले आणि मग त्या माघारीला त्याने प्रश्नांचे रूप दिले. तिथे संशय कृतीच्या जागी येऊन बसला होता. शिवाय उपदेश संपवताना कृष्ण म्हणतो की या सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवे तसे कर. ज्याला डोळे मिटून मान डोलावणारा शिष्य हवा आहे, तो असे बोलणार नाही. आणि गीतेतला निःसंशय भाव आत्म्याविषयीचा, स्वधर्माविषयीचा आहे. लढाईच्या निकालाविषयीचा नाही. फळावर अधिकार नाही असे सांगणारा ग्रंथ फळाची खात्री मागूच शकत नाही. फळाविषयी संशय पूर्ण, कर्तव्याविषयी नाही: इथे फ्रूडचे म्हणणे आणि निष्काम कर्म एकमेकांच्या फार जवळ येतात, जरी त्या भल्या माणसाने गीता वाचली होती असे मी सुचवत नाही.

न्यूमनचा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि तो जगातल्या कुठल्याही श्रद्धावानाचा आक्षेप आहे. त्याने आपले उत्तर ‘ग्रामर ऑफ असेंट’ या ग्रंथात दिले. तो निघाला १८७० साली. फ्रूडच्या टाकीला पैसे मंजूर झाले तेच वर्ष. न्यूमन म्हणतो, माणूस जगतो तो सिद्धतेवर जगत नाही. ब्रिटन हे बेट आहे याविषयी कोणाही इंग्रजाला शंका नसते, पण बहुतेकांनी त्याला फेरी मारलेली नसते. असंख्य बारीक पुरावे एका दिशेने झुकतात आणि मन निश्चय करते. असा निश्चय अर्धामुर्धा नसतो. अर्ध्या मनाने कोणी हुतात्मा होत नाही, अर्ध्या मनाने मुलांना वाढवता येत नाही, आणि अर्ध्या मनाने उभारलेली संस्था पहिल्या वादळात कोसळते. यात मोठे तथ्य आहे. फ्रूडलाही टाकी बांधायला सांगताना नमुन्यांवर निष्ठा ठेवावीच लागली. समितीविरुद्ध एकट्याने उभे राहणारा माणूस थंड मनाचा नसतो. पण न्यूमन एका ठिकाणी चुकतो असे मला वाटते. कृतीला जी एकाग्रता लागते तिला तो निश्चय समजतो. एकाग्रता संकल्पातून येते, आणि संकल्प करायला खात्री लागत नाही. आपल्या घराघरांत व्रताच्या आरंभी पाणी सोडून संकल्प करतात; तिथे माणूस फळ मिळेलच असे म्हणत नाही, मी हे करीन एवढेच म्हणतो.

खात्रीचा धोका त्याच १८७० साली सगळ्या इंग्लंडने पाहिला. कूपर कोल्स नावाच्या आरमारी अधिकाऱ्याची आपल्या बुरुजवाल्या युद्धनौकेवर अढळ श्रद्धा होती. लोकमत त्याच्या बाजूने होते, वृत्तपत्रे त्याच्या बाजूने होती. जहाज पाण्यात हवे त्यापेक्षा खोल बसते आहे आणि कलले तर सावरणार नाही, ही रीडची भीती दुर्लक्षिली गेली. ६-७ सप्टेंबरच्या रात्री ‘कॅप्टन’ ही नौका स्पेनच्या किनाऱ्याजवळ वादळात उलटली. सुमारे पाचशे माणसे बुडाली, त्यांत खुद्द कोल्सही होता. त्यानंतर नेमलेल्या रचना समितीवर फ्रूडला घेतले गेले. कोल्स लबाड नव्हता. त्याने स्वतःचा जीवही त्याच जहाजावर ठेवला होता. संशयाचा उरलेला अंश झटकून टाकणारा प्रामाणिक माणूस किती माणसे बुडवू शकतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

१८७८ मध्ये कॅथरीन वारली. खचलेल्या फ्रूडला आरमाराने एका युद्धनौकेवर पाहुणा म्हणून दक्षिण आफ्रिकेपर्यंत नेले, आणि ४ मे १८७९ रोजी सायमन्सटाउन इथे त्याला मृत्यू आला. न्यूमन त्या वेळी कार्डिनलपद स्वीकारण्यासाठी रोममध्ये होता, आणि एप्रिलच्या शेवटी तिथूनच त्याने मित्राच्या युक्तिवादाला लांबलचक उत्तर लिहायला घेतले होते. ते फ्रूडपर्यंत पोहोचले नाही. दोघांपैकी कोणी जिंकले नाही, आणि जिंकायला हवे होते असेही नाही.

आजच्या जहाजांकडे परत येताना हे दिसते की अनिश्चितता सगळीकडे सारखी नाही. काही गोष्टी जवळजवळ पक्क्या आहेत. लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी उतरवला तर शक्ती २७ टक्क्यांनी उतरते, आणि प्रवास लांबला हे धरूनही त्या फेरीचे इंधन सुमारे १९ टक्के वाचते. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की घर्षण वाढते, ते खरवडले की कमी होते. पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा असेल तर तीच शक्ती जास्त काम करते. पंख्याच्या मधल्या टोपीमागे पाण्याचा एक पिळदार भोवरा तयार होतो आणि शक्ती खातो. १९८७ मध्ये जपानात त्या टोपीवरच छोटे पर बसवण्याची युक्ती निघाली, भोवरा मोडला, आणि काही टक्के इंधन वाचू लागले. जहाजाच्या मानाने हा सुटा भाग किरकोळ, पण मोठे जहाज दिवसाला टनांनी इंधन जाळत असते. वाऱ्याचेही तसेच. अँटोन फ्लेट्नरने १९२०च्या दशकात फिरत्या उभ्या नळकांड्यांवर जहाज चालवून दाखवले, १९२६ मध्ये ते अटलांटिक ओलांडून गेले, आणि मग स्वस्त तेलापुढे ही कल्पना कित्येक दशके बाजूला पडली. तेल कायम स्वस्तच राहील आणि धुराची किंमत कोणी मोजणार नाही, ही त्या काळाची खात्री होती. आता तीच नळकांडी पुन्हा डेकवर उभी राहत आहेत. यातल्या बहुतेक उपायांत मालकाचा पैसा वाचतो आणि हवाही वाचते, आणि चूक झाली तर ती काढून टाकता येते. अशा ठिकाणी खात्रीची वाट पाहणारा माणूस सावध नसतो, तो कर्तव्य टाळत असतो.

इथे एक आक्षेप अर्थशास्त्रातून येतो आणि तो बळकट आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्ये दाखवले की वाफेचे इंजिन कोळसा वाचवू लागले तसा देशाचा कोळसा जास्तच जळू लागला; स्वस्त झालेली गोष्ट अधिक वापरली जाते. जहाजांचे आकडे त्याला दुजोरा देतात. २००८च्या तुलनेत २०१८ मध्ये एक टन माल एक मैल नेण्यामागचे उत्सर्जन वीस टक्क्यांहून अधिक घटले होते, पण २०१२ ते २०१८ या काळात एकूण उत्सर्जन ९ टक्क्यांहून अधिक वाढले. तेव्हा कार्यक्षमता म्हणजेच धर्म असे म्हणता येणार नाही. एकूण किती जाळायचे याला मर्यादा घातल्याशिवाय बचत ही पुढच्या खर्चाची तयारी ठरते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्यातून बचत निरर्थक ठरत नाही. मर्यादा घातल्यावर त्या मर्यादेत तांदूळ, औषधे आणि खते जगभर पोहोचवायची तर बचतच लागेल. अपरिग्रह सांगणाऱ्या परंपरांनी उपभोगाला सीमा घातली, त्याचबरोबर हातातल्या वस्तूचा अपव्ययही दोष मानला. जैन साधूने चालताना पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे, या नियमाला ईर्यासमिती म्हणतात. चालणे बंद करा असे तो नियम सांगत नाही, आपल्या गतीने कोणाला इजा होते ते पाहत चाला असे सांगतो.

खरी अडचण इंधनाच्या प्रश्नात आहे, कारण तिथली चूक स्वस्तात दुरुस्त होत नाही. २०२० पासून जहाजाच्या इंधनातले गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणले गेले. बंदरांजवळच्या लोकांच्या फुप्फुसांना त्याचा लाभ झाला; पण गंधकाचे तेच कण सूर्यप्रकाश काही प्रमाणात परतवत होते, त्यामुळे झाकली गेलेली थोडी उष्णता उघडी पडली. मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून थोडी गळतीही महागात पडते. असे दाखले दाखवून काही देश आणि काही कंपन्या म्हणतात, आधी सगळे निश्चित होऊ द्या. या लोकांनी फ्रूडचा अर्धाच भाग उचलला आहे. संशय जागा ठेवा हे त्यांना मान्य, पण पुसट शक्यताही प्रसंगी पूर्ण कृतीचे कर्तव्य निर्माण करते हे अमान्य. २०२३ मध्ये सागरी संघटनेच्या सदस्य देशांनी २०५०च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे धोरण स्वीकारले, आणि २०२८ मध्ये त्याचा फेरविचार करण्याचेही त्याच कागदात लिहिले. हा मला अस्सल धर्मविचार वाटतो: संकल्प पूर्ण, आणि संशयाची तारीख ठरलेली. पण त्या संकल्पाला दात देणारी, उत्सर्जनाची किंमत आकारणारी चौकट २०२५च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये मतदानाने एक वर्ष पुढे ढकलली गेली.

फ्रूडच्या सूत्रात एक जागा मोकळी राहिली आहे, आणि ती न्यूमनने भरली असती असे वाटत नाही. संशय घेणारा कोण आणि नुकसान सोसणारा कोण, हे दोघे वेगळे असले तर? पत्रातला फ्रूड स्वतःच्या आत्म्याची जोखीम घेत होता. बी तपासणारा शेतकरी स्वतःचेच रान पेरतो. कोल्सनेही निदान स्वतःला वगळले नाही. जहाजांच्या बाबतीत तसे नाही. पॅसिफिकमधली मार्शल बेटे समुद्रसपाटीपासून सरासरी दोनएक मीटर उंच आहेत, आणि जगातल्या जहाजांचा फार मोठा ताफा त्यांच्याच झेंड्याखाली नोंदलेला आहे. म्हणजे जहाजवाहतुकीवर त्यांचे उत्पन्न आहे आणि तिच्याच धुरात त्यांचाही धोका आहे. उत्सर्जनावर टनामागे शंभर डॉलर कर लावा, असा प्रस्ताव २०२१ मध्ये सॉलोमन बेटांसोबत याच देशाने मांडला. त्यांनाही सगळे निश्चित माहीत नव्हते. शंकेचा फायदा कोणाला द्यायचा एवढाच प्रश्न होता, आणि ज्याचे घर पाण्याखाली जाण्याची शक्यता आहे त्याला तो देण्याऐवजी, ज्याचा नफा थोडा घटण्याची शक्यता आहे त्याला तो आजवर दिला गेला आहे.